पांडव, कर्ण आणि डीएनएचा लिफाफा

आमच्या खारघरच्या डोंगरात पांडवकडा नावाचा धबधबा आहे. वनवासात असताना पांडव इथे आले आणि या धारेखाली नाहले, असं जुनी माणसं सांगतात. पांडवांच्या पायधुळीचा मान महाराष्ट्रात बऱ्याच डोंगरांना मिळाला आहे, तेव्हा या कथेच्या खरेखोटेपणात शिरायला नको. मला कुतूहल आहे ते नावाचं. पांडव म्हणजे पंडूचे. आणि पंडूचा या पाचांपैकी एकाशीही रक्ताचा संबंध नव्हता. कुंतीचे तीन आणि माद्रीचे दोन, असे पाचही मुलगे पंडूच्या संमतीनं दुसऱ्यांकडून झालेले. तरीही ते पांडवच.

आजच्या भाषेत याला डोनरकडून झालेली मुलं म्हणता येईल. भारतीय दूरदर्शनवर ही गोष्ट फार लवकर आली. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' 2 ऑक्टोबर 1988 रोजी सुरू झालं आणि 1990च्या जूनपर्यंत चाललं. रविवारी सकाळी आजी, सासरे, सुना, शाळकरी मुलं, सगळे एकत्र बसून ते बघायचे. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला आणि वंश टिकवण्यासाठी सत्यवतीनं व्यासांना बोलावलं, हे सगळ्यांनी पाहिलं. अंबिकेनं भीतीनं डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मला, अंबालिका पांढरीफटक पडली म्हणून पंडू फिकट झाला, हेही ऐकलं. जीवशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला हे पटण्यासारखं नाही. पण मूल असं का झालं, या प्रश्नाला प्रत्येक काळ आपापलं उत्तर शोधतो आणि दोष बहुधा आईच्या पदरात टाकतो, एवढं त्यातून कळतं. त्या वेळी या प्रसंगांनी कुणाच्या घरात नाक मुरडलं गेल्याचं मला आठवत नाही. इरावतीबाई कर्व्यांनी तर 'युगान्त'मध्ये पुढे जाऊन युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा, अशी शक्यता मांडली आणि मराठी वाचकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं.

याच महाभारतात कर्णही आहे. त्याचा जन्मही तसाच, आई तीच. फरक एवढाच की पांडवांचा जन्म कसा झाला हे हस्तिनापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुर्योधनानं त्यावरून टोमणेही मारले, पण टोमण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. कर्णाचं जन्मरहस्य मात्र नदीत सोडून दिलं गेलं आणि ते त्याला कळलं ते युद्ध तोंडावर आल्यावर. माझी तक्रार अशी आहे की आपल्या मालिका सतत कर्णाचीच गोष्ट सांगतात. पांडवांची सांगतच नाहीत.

2019 ते 2023 या काळात गाजलेली 'रंग माझा वेगळा' ही मालिका घ्या. सावळी दीपा आणि डॉक्टर कार्तिक. तो बाप होऊ शकत नाही असा चुकीचा वैद्यकीय अहवाल येतो, बायको गरोदर राहते आणि संशयाचा डोंगर उभा राहतो. वर्णभेदावर बोलणारी मालिका म्हणून तिचं कौतुक झालं, ते रास्तही होतं. पण नायक स्वतः डॉक्टर असताना एका कागदावर विश्वास टाकतो, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरली नाही. शुक्राणूंची संख्या एकाच पुरुषात वेळोवेळी बदलते. ताप, आजारपण, औषधं यांनीही ती खाली येते. म्हणून एका तपासणीवर निकाल देत नाहीत, पुन्हा करायला सांगतात. हे एक वाक्य नायकाच्या तोंडी घातलं असतं, तर हजारो घरांतल्या पुरुषांना निमूटपणे दुसऱ्यांदा तपासणी करायचा धीर आला असता. पण मग मालिका पुढे सरकली नसती, हेही खरंच.

मग येतो डीएनएचा लिफाफा. मालिकेत कुणीतरी कंगव्यातले केस पळवतं आणि दुसऱ्या दिवशी लिफाफा दिवाणखान्यात फुटतो. प्रत्यक्षात कापलेल्या किंवा मुळाशिवाय तुटलेल्या केसात पितृत्वाच्या नेहमीच्या चाचणीला लागणारा डीएनए पुरेसा नसतो. साधारणपणे रक्त किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना लागतो. मुलाच्या गुणसूत्रांवरच्या पंधरा-वीस ठरावीक जागा तपासतात. प्रत्येक जागेवर एक अंश आईकडून आणि एक बापाकडून आलेला असायला हवा. आईचा अंश बाजूला काढला की उरलेला बापाशी जुळतो का, एवढंच पाहायचं असतं. त्यातून बीज कुणाचं हे कळतं. बाप कोण, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आपल्या कायद्यालाही हे माहीत आहे. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं, असं इंग्रजांच्या काळापासूनच्या पुरावा कायद्यात होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. पुण्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात 2023 साली न्यायालयानं सांगितलं की बायकोची बदफैली सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, कारण त्या भांडणात मूल पक्षकार नसतं. त्याआधी 2014 साली, महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात, चाचणी आधीच झालेली होती आणि ती नवऱ्याच्या बाजूनं निघाली. तेव्हा न्यायालयानं विज्ञानाचा कौल मान्य केला. म्हणजे न्यायाधीशही दोन्हीकडे ओढले जातात. मालिकेतल्या सासूबाईंना मात्र क्षणाचाही विचार करावा लागत नाही.

डीएनएच्या आधी मालिका आणि सिनेमांचं आवडतं हत्यार होतं रक्तगट. अपघात होतो, रक्त लागतं, बापाचं जुळत नाही आणि पार्श्वसंगीत वाजू लागतं. इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. बापाचं रक्त मुलाला चालत नाही, यात नवल काहीच नाही. बाप ए, आई बी आणि मूल ओ, हे अगदी शक्य आहे. शंका यावी अशा जोड्या थोड्याच. आईबाप दोघेही ओ असतील तर मूल ए किंवा बी होत नाही, असं पाठ्यपुस्तक सांगतं.

आणि नेमकं हे पाठ्यपुस्तक आपल्या मुंबईत खोटं पडलं. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे एक निराळाच रक्तगट शोधला. जगभर त्याला आजही बॉम्बे रक्तगट म्हणतात. तांबड्या पेशीवर ए किंवा बीची खूण उमटण्यासाठी आधी एच नावाचा पाया लागतो. काही थोड्या लोकांत तो पायाच तयार होत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक, असा अंदाज सांगतात. अशा माणसाकडे बीचं जनुक असलं तरी खूण उमटत नाही आणि साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण ते बी जनुक तो मुलाला देतो, एचचा पाया मुलाला जोडीदाराकडून मिळतो आणि मूल बी निघतं. आईबाप दोघेही कागदावर ओ, मूल बी, आणि कुणाचंही पाऊल वाकडं पडलेलं नाही! ज्या शहरात मालिका बनतात त्याच शहराच्या नावाचा हा रक्तगट आहे. एखाद्या लेखकानं तो कथेत घातला, तर मी ती मालिका रोज बघेन. वर्गात रक्तगट शिकवताना 'आईबाबांचे गट विचारून या' असा गृहपाठ मी कधीच देत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात कुणाच्या घरात काय झाकलेलं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

झाकलेलं असतं, कारण हे उपचार आता नवे राहिलेले नाहीत. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, हे अनेकांना आठवत असेल. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन गर्भ वाढवण्याच्या डॉ. हिंदुजांच्या तंत्रातून 24 जानेवारी 1991 रोजी पहिलं मूल झालं, हे मात्र कमी जणांना ठाऊक आहे. 'महाभारत' संपून तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते.

पडद्यावर बीज देणारी आणि गर्भ वाढवणारी यांची सर्रास सरमिसळ होते. मराठीत याला सन्माननीय अपवाद आहे समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' (2011). राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा सिनेमा. गावातली यशोदा परदेशी जोडप्याचा गर्भ पोटात वाढवते आणि गोरंपान मूल जन्माला घालते. त्या मुलात यशोदेचं एकही जनुक नाही, सिनेमा हे बरोबर सांगतो, आणि तरी आई कोण हा प्रश्न सुटलेला नाही हेही तितक्याच नेटानं सांगतो. पुढे 2021 मध्ये त्यावरून 'मिमी' हा हिंदी सिनेमा निघाला. आता ती कथा घडणंच शक्य नाही. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानं पैसे घेऊन गर्भ वाढवण्यावर बंदी आहे आणि अशा स्त्रीला स्वतःचं बीजही देता येत नाही. 'विकी डोनर' (2012) मधला त्रेपन्न मुलांचा विकीही याच दिवशी बेकायदा झाला. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला देता येतं. स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं आणि तेही सातपेक्षा जास्त नाही. होणारं मूल कायद्यानं त्या जोडप्याचंच. दात्याचा त्याच्यावर हक्क नाही आणि जबाबदारीही नाही.

हे कागदावरचं वाक्य माणसांच्या आयुष्यात काय करतं, ते ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. एका बाईला मूल होत नव्हतं. तिच्या बहिणीनं बीज दिलं, गर्भ तिसरीनं वाढवला, जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं आणि नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला. बीज बायकोच्या बहिणीचं, म्हणून बायकोचा मुलींवर हक्कच नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. व्यवहार 2022च्या आधीचा असल्यानं न्यायालयानं 2005च्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला आणि सांगितलं की बीज दिल्यानं कुणी कायदेशीर आई होत नाही. आईला दर आठवड्याच्या अखेरीला तीन तास मुलींना भेटण्याची मुभा मिळाली. नवऱ्याचा तो युक्तिवाद आपण याआधी ऐकलेला आहे. अगदी त्याच शब्दांत, रात्री साडेआठला, जाहिरातींच्या मध्ये.

म्हणजे जनुकं बिनमहत्त्वाची आहेत का? मुळीच नाही. खारघरलाच टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर तिथे संशोधन आणि तपासणी होते. अशा तपासणीत सुई टोचण्याआधी विचारतात ते घराण्याबद्दल. आईला होता का, मावशीला, आजीला, कोणत्या वयात? बीआरसीए जनुकातला दोष आईकडे किंवा वडिलांकडे असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आता समजा समोर तिशीतली मुलगी बसली आहे आणि तिला जन्माची गोष्ट घरात कुणी सांगितलेली नाही. ती प्रामाणिकपणे आईच्या, आजीच्या आजारांची यादी देणार. आणि ती सगळी यादी दुसऱ्याच घराण्याची असणार. जनुकांचं खरं काम इथे आहे, औषधोपचारात. प्रेम कुणावर करायचं, हे ती सांगत नाहीत.

घरची मोठी माणसं सल्ला देतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक यांनी अशा कुटुंबांतली मुलं वीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. मुलं मजेत होती. सातव्या वर्षाच्या आत ज्यांना सांगितलं गेलं, त्यांची आईशी नाती अधिक बरी होती. सहा वर्षांच्या मुलाला 'आमच्याकडे बी नव्हतं, एका मावशीनं दिलं' एवढं पुरतं. त्यात त्याला गुपित सापडत नाही आणि तो दुसऱ्या मिनिटाला खेळायला पळतो. तेच वाक्य सोळाव्या वर्षी, भांडणात, आत्याच्या तोंडून ऐकलं तर त्याचा कर्ण होतो.

ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतरच्या बीजदानातून झालेल्या मुलांना अठराव्या वर्षी दात्याचं नाव कळू शकतं. स्वीडननं हा हक्क 1985 मध्येच दिला. आपल्याकडे दाता निनावी आहे. मात्र त्याचं वय, रक्तगट, तपासण्यांचे निकाल यांची नोंद असते. अशी नोंद दवाखान्यानं किमान दहा वर्षं ठेवायची आणि मग राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवायची, असा नियम आहे. दहा वर्षं झाली तेव्हा मूल फार तर पाचवीत असतं. तेव्हा उपचार घेणाऱ्या जोडप्यांना माझं एवढंच सांगणं असतं की दवाखाना जी माहिती देऊ शकतो, ती लेखी मागून घ्या आणि मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर त्याच पिशवीत ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)