भिंतीआडचे पहारेकरी

मृगाचा पाऊस तोंडावर आला की कौलारू घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतात. फुटकी कौले काढून नवी बसविली जातात, सरकलेली कौले नीट लावली जातात, पन्हळी साफ केल्या जातात. घर गळू लागेपर्यंत कोणी थांबत नाही. पाणी कोठून शिरेल हे पाऊस येण्यापूर्वीच पाहून ठेवावे, हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

त्याच घराच्या भिंतींवरून आणि भिंतींच्या आतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्याकडे मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो. मग पाहायचे तरी काय, असे घरातील माणसांना वाटते. हे वाटणे फसवे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी वीज घरात कशी वावरते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

सामान्य घरात वीज दोन तारांनी येते. एका तारेवर विजेचा दाब असतो. तिला वायरमन ‘फेज’ म्हणतात. दुसरी तार परतीच्या वाटेची; तिला ‘न्यूट्रल’ म्हणतात. भारतातील घरांत या दोन तारांमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. प्रवाह एका तारेने येतो, दिव्यातून किंवा पंख्यातून जाऊन आपले काम करतो आणि दुसऱ्या तारेने परत जातो. ही ठरलेली वाट त्याने सोडू नये, एवढीच माणसाची अपेक्षा असते. परंतु जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात उघड्या फेज तारेला लागला, तर त्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणारी वाट विजेला तितकीच मोकळी होते. हात ओले असतील, पाय अनवाणी असतील, तर ती वाट अधिकच सोपी.

किती विजेने माणसाला अपाय होतो? प्रवाहाचे माप अँपिअर. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या एक-अष्टमांशाहूनही कमी, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून वाहिला, तर श्वासोच्छ्‌वासाचे स्नायू आखडू शकतात. त्याहून थोडा अधिक प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. ज्या प्रवाहावर असा एक जुन्या पद्धतीचा दिवासुद्धा धड लागणार नाही, तेवढा माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा आहे.

म्हणूनच घरातील विजेभोवती काही पहारेकरी उभे केलेले असतात. पहिला पहारेकरी म्हणजे तारेवरचे आवरण. ते रबराचे किंवा प्लास्टिकचे असते व त्यातून वीज बाहेर येऊ शकत नाही. दुसरा पहारेकरी फ्यूज. फ्यूजमधील बारीक तार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की तापून वितळते आणि विजेची वाट तोडते. हल्ली पुष्कळ घरांत फ्यूजच्या जागी ‘एम.सी.बी.’ नावाची खटकी असते. ती वितळत नाही. जास्त प्रवाह येताच आपण होऊन खाली पडते.

परंतु फ्यूज राखण करतो ती तारांची, माणसाची नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा. माणसाला तीस मिलिअँपिअर पुरतात. एखादा मनुष्य विजेला चिकटला असता फ्यूजच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. त्याला वाटते, कोणी आणखी एक दिवा लावला असेल. म्हणून तिसरा पहारेकरी हवा. तो म्हणजे ‘अर्थिंग’. इस्त्री, शीतकपाट, पाणी तापविण्याचे यंत्र अशा धातूच्या उपकरणांची बाह्यांगे एका हिरव्या तारेने जमिनीशी जोडलेली असतात. तीन कांड्यांच्या प्लगमधील सर्वांत लांब व जाड कांडी या तारेची असते. आतील फेज तार सुटून उपकरणाच्या पत्र्याला टेकली, तर वीज माणसाची वाट न पाहता या तारेने जमिनीत उतरते. ही वाट इतकी मोकळी असते की प्रवाह एकाएकी वाढतो, फ्यूज वितळतो आणि पत्रा निर्धोक होतो.

चौथा पहारेकरी अलीकडचा आहे. त्याला ‘आर.सी.सी.बी.’ म्हणतात. गुराखी सकाळी जितकी गुरे रानात नेतो, तितकी संध्याकाळी परत आली की नाही, हे मोजून पाहतो. हे यंत्रही तसेच आहे. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते अखंड तुलना करीत असते. दोहोंत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की थोडी वीज भलत्या वाटेने गेली, असे ठरवून सेकंदाच्या अल्पशा अंशात ते सारा पुरवठा तोडून टाकते.

असे पहारेकरी असताना भीती कशाची, असा प्रश्न कोणी विचारील. भीती ही, की हे पहारेकरी झोपी गेले तरी घरात काहीच कळत नाही.

जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर रबराच्या आवरणाच्या तारा बसविलेल्या असत. वर्षे लोटली की रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. प्लास्टिकचे आवरणही सतत तापल्याने ठिसूळ होते. उंदीर तारा कुरतडतात. भिंतीत ओल मुरते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी तरी त्यात जाड तार गुंडाळतो. त्या क्षणी फ्यूज नावापुरताच उरतो. अर्थिंगची गोष्ट तर सर्वांहून विलक्षण. एरवी या तारेतून प्रवाह वाहत नसतो. त्यामुळे ती गंजून तुटली, तरी दिवा पूर्वीइतकाच लख्ख लागतो, पंखा पूर्वीइतकाच वेगाने फिरतो. अर्थिंग असलेले घर आणि अर्थिंग तुटलेले घर रोजच्या व्यवहारात अगदी सारखे दिसते. दोहोंतील अंतर कळते ते अपघाताच्या क्षणी. आणि तेव्हा ते कळून उपयोग नसतो. पहारेकरी जागा आहे की नाही, हे जाणण्याचा एकच मार्ग आहे: त्याला हाक मारून पाहणे. या हाक मारण्यालाच तपासणी म्हणतात.

ही तपासणी केव्हा करावी? जुन्या घरात बिऱ्हाड हलविण्यापूर्वी ती अवश्य करावी. कारण मागच्या माणसांनी भिंतीआड काय जोडून ठेवले आहे, हे नव्या माणसांस ठाऊक नसते. घरात मोठे उपकरण आणावयाचे असेल, तर ते आणण्यापूर्वी करावी. दोन हजार वॅटचे पाणी तापविण्याचे यंत्र सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेते. दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी घातलेल्या बारीक तारेवर हा भार टाकणे, म्हणजे शेळीच्या पाठीवर बैलाचे ओझे लादणे होय. तार भिंतीच्या आत तापत राहते आणि आग लागेपर्यंत कोणाला दिसत नाही.

घर पाण्यात बुडाले असेल, तर तपासणीवाचून वीज सुरू करू नये. २००५ साली २६ जुलैस मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व उपनगरांतील असंख्य घरांत पाणी शिरले. २०२१ च्या जुलै महिन्यात वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. पाणी ओसरले, फरशी धुऊन निघाली, भिंती वरून सुकल्या, म्हणजे घर कोरडे झाले असे नव्हे. नळ्यांत, बटणांच्या मागे आणि जोडांत ओल व गाळ बरेच दिवस राहतो.

काही वेळा वीज स्वतःच सूचना देते. नळाला किंवा शीतकपाटाला हात लावताच झिणझिण्या येणे, फ्यूज पुनःपुन्हा जाणे, बटणाभोवती काळसर डाग पडणे, प्लग हाताला गरम लागणे, रबर जळाल्यासारखा वास येणे, एक यंत्र चालू करताच साऱ्या घरातील दिवे मंदावणे ही त्या सूचनांची रूपे होत. विशेषतः झिणझिण्यांना कोणी हसण्यावारी नेऊ नये. ओल्या हातांनी तेच उपकरण धरले असता त्याच झिणझिण्या प्राणघातक ठरू शकतात.

यांपैकी काहीच घडले नाही, तरी काही वर्षांनी तपासणी करावीच. इंग्लंडमध्ये २०२० साली झालेल्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घरातील तारजोडणी निदान दर पाच वर्षांनी तपासून घेणे घरमालकास बंधनकारक आहे. घर सुस्थितीत दिसते की नाही, हा प्रश्नच तेथे विचारात घेतलेला नाही.

तपासणीचे काम परवाना असलेल्या वायरमनचेच आहे. तो प्रथम मुख्य बटण बंद करतो आणि वीज खरोखर गेली की नाही, याची खात्री करून घेतो. मग जोड उघडून सैल स्क्रू आवळतो. कारण सैल जोड तापतो. ‘मेगर’ नावाच्या यंत्राने तारांवर सामान्यतः ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणातून वीज पाझरते की काय, हे तो मोजतो. दिव्याचे बटण फेज तारेवरच आहे ना, हेही पाहतो. ते चुकून न्यूट्रलवर असेल, तर दिवा विझला तरी त्याच्या खोबणीत वीज जागीच असते. अर्थिंगची तार जमिनीपर्यंत अखंड आहे का, कोळसा व मीठ घालून केलेला तिचा खड्डा कोरडा तर पडला नाही ना, याची तो चौकशी करतो. आर.सी.सी.बी.वर परीक्षेचे एक लहान बटण असते. ते दाबताच खटकी पडली, तर तो पहारेकरी जागा आहे. ती न पडल्यास तो बदलावा.

मुलांनी यांतील कोणतेही काम स्वतः करू नये. तारेला, फ्यूजला वा उघड्या बटणाला हात लावू नये. परंतु डोळे, कान व नाक उघडे ठेवण्यास कोणाचीही आडकाठी नाही. काळा पडलेला प्लग, तडकलेले बटण, तारेवरची भेग ही थोरांच्या नजरेतून सुटते, ती पुष्कळदा मुलांच्या नजरेस पडते. ती पाहून लगेच वडीलधाऱ्यांना सांगणे, हे लहान काम नव्हे.

कौले चाळणाऱ्या माणसाला पाऊस दिसत नसतो. आभाळ निरभ्र असतानाच तो छपरावर चढतो. ते पाहून कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. सर्व दिवे लखलखीत लागत असताना वायरमनला बोलावून भिंतीआडचे पहारेकरी जागे आहेत ना, असे विचारणारे घरही तितकेच शहाणे होय.