नाव मोटारीचं, पॅडल आपलं

साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथाला लागलं की माझी चाल आपोआप मंदावते. कारण एकच, सायकलीची दुकानं. लहान मुलं मिठाईच्या दुकानापुढे घोटाळतात तसा मी अजूनही सायकलीपुढे घोटाळतो आणि घरच्यांनी आता त्यावर बोलणं सोडून दिलंय. सात-आठ वर्षांपूर्वी असाच घोटाळत असताना एका दुकानाबाहेर साखळीत ओवलेली रांग दिसली: बीएमडब्ल्यू, जग्वार, लँड रोव्हर, मर्सिडीज. मोटारी नव्हत्या, सायकलीच होत्या. चाकांना तारा नव्हत्या, पंख्यासारखी तीन जाड पाती होती. मधल्या नळीवर हाताएवढ्या अक्षरांत नाव आणि नळीच्या मध्यावर बिजागरी. दाराच्या कडीसारखा खटका उघडला की सायकल घडी होऊन मोटारीच्या डिकीत जाते, असं दुकानातला पोऱ्या सांगत होता. डिकी कुणाकडे आहे, हे तो विचारत नव्हता.

पुढच्याच दिवाळीला सांगलीतल्या माझ्या भाच्यानं त्यातली एक घेतली. दहा ते वीस हजारांच्या दरम्यान कुठेतरी सौदा झाला. नळीवरचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे तिच्याबद्दल जे लिहायचं आहे ते त्या नावाला लागू होईलच असं नाही. पुढे तीन, मागे सात असे एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे शॉकॲब्सॉर्बर, सीटखाली आणखी एक. "मामा, कासला जाऊ या," म्हणाला. साताऱ्याहून कास पठार पंचवीस किलोमीटर, पण सुरुवातीलाच यवतेश्वरचा घाट. गाडीवरून जाताना तो घाट देखणा दिसतो. सायकलवरून जाताना फक्त पुढचं दहा फूट डांबर दिसतं.

पहिल्या वळणालाच बिजागरी कुरकुरायला लागली. दुसऱ्या वळणावर भाचा उभा राहून पॅडल मारू लागला, तेव्हा सायकल पुढे जायच्या आधी खाली बसत होती. सीटखालचा शॉकॲब्सॉर्बर त्याचा जोर इमानानं गिळत होता. तिसऱ्या वळणावर आम्ही दोघं खाली उतरलो. माझी साधी, बिनगिअरची सायकलही मी ढकलतच होतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण मी ढकलत होतो ते वयानं, तो ढकलत होता ते वजनानं.

सांगलीत गावभागात एक मिस्त्री आहेत. त्यांच्या वडिलांचंही हेच दुकान होतं. त्यांच्यापुढे ती सायकल उलटी करून ठेवली, तर त्यांनी नाव वाचलंच नाही, चाक फिरवून पाहिलं. चाक डुलत होतं. "तारेचं चाक असतं तर दहा मिनिटांत आउट काढून दिला असता, काका. इकडची तार आवळायची, तिकडची सैल सोडायची. ह्याला काय आवळू? हे ओतीव हाय. वाकलं की वाकलं, चिरलं की टाकून द्यायचं." मग बिजागरीवर अंगठा ठेवून म्हणाले, "सायकलचा जीव तिकोनात असतो. ह्यांनी तिकोनच कापलाय."

यंत्रशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. सायकलीची चौकट म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन त्रिकोण. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, म्हणूनच सव्वाशे वर्षांत चौकटीचा हा आराखडा फारसा बदलला नाही. वरची नळी काढून तिथे बिजागरी बसवली की गेलेली ताकद भरून काढायला जाड लोखंड घालावं लागतं, आणि वजन वाढत जातं. घडीच्या चांगल्या सायकली जगात आहेत, नाही असं नाही. पण त्या लहान चाकांच्या असतात आणि घडीसाठीच जन्मलेल्या असतात.

मग मोटारीचं नाव येतं कुठून? बड्या मोटार कंपन्या आपलं नाव परवान्यानं भाड्यानं देतात. टोप्या, चष्मे, अत्तरं, किल्लीची कडी आणि त्याच यादीत सायकल. सायकल तिसराच कुणी बनवतो, चौथा विकतो. परवाना नसला तर स्टिकर छापायला प्रेस लागतो, बाकी काही लागत नाही. गिऱ्हाईकानं बघायचं ते इतकंच की नावाखाली बनवणाऱ्याचा पत्ता आहे का, चौकटीचा क्रमांक आहे का आणि सुटे भाग गावात मिळतात का.

इथवर वाचून कुणी म्हणेल, काय हा थिल्लरपणा, मोटारीचं नाव सायकलला! मीही तेच म्हणायचो. आता म्हणत नाही, कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की नावाचा प्रवास आधी उलट झाला होता.

इतिहास उरकून घेतो. १८१७ मध्ये जर्मनीत ड्राइसनं पायांनी ढकलायची दोन चाकं केली. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पॅडल आलं, मग पुढचं चाक माणसाएवढं झालं आणि लोक तोंडावर पडू लागले. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत जॉन केम्प स्टार्लीनं दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन अशी सायकल काढली. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. झाला इतिहास.

स्टार्लीच्या त्या सायकलीचं नाव होतं रोव्हर, म्हणजे भटक्या. ती इतकी गाजली की पोलिश भाषेत आजही कुठल्याही सायकलला 'रोवर' म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. स्टार्ली १९०१ मध्ये गेला आणि त्याच्या कंपनीनं १९०४ मध्ये पहिली मोटार बाजारात आणली. पुढे लँड रोव्हर निघाली ती याच घरातून. २००८ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर टाटांनी घेतल्या, त्यांच्याबरोबर रोव्हर हे जुनं नावही आलं. म्हणजे राजपथावर 'लँड रोव्हर' लिहिलेली सायकल पाहून मी हसलो, तेव्हा ते नाव खरं तर माहेरी आलं होतं.

अशी माहेरं बरीच आहेत. जर्मनीतल्या ओपेलांनी १८६२ मध्ये शिवणयंत्रं, १८८६ मध्ये सायकली आणि १८९९ मध्ये मोटारी काढल्या. आडाम ओपेलचे पाचही मुलगे सायकल शर्यतीतले. फ्रान्सच्या प्यूजोंनी करवती आणि कॉफीच्या चक्क्या विकल्या, मग सायकली, मग मोटारी. खुद्द कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीला सायकलीसारखी तारांची चाकं होती आणि मागची चाकं चेननं फिरत. मला सगळ्यांत आवडते ती स्कोडाची गोष्ट. वाक्लाव क्लेमेंट हा बोहेमियातला पुस्तकविक्रेता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली, म्हणून त्यानं कंपनीच्या शाखेला चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंट भडकला. लॉरिन नावाच्या मिस्त्रीला हाताशी धरून त्यानं १८९५ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं आणि सायकलीला नाव दिलं 'स्लाव्हिया'. तेच दुकान वाढत १९०५ मध्ये मोटारीपर्यंत गेलं आणि १९२५ मध्ये स्कोडात विलीन झालं. मातृभाषेत तक्रार करण्याचा इतका फायदा दुसऱ्या कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या घरातही मोटारीच्या नावाची सायकल होती, आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं. आजोबांची हंबर. साताऱ्यात कोर्टात कारकुनी करताना घेतलेली. तिची खूण म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा. इतर सायकलींना प्रत्येक बाजूला एक जाड नळी असते, हंबरला दोन-दोन बारीक. लांबून येणारी सायकल हंबर आहे हे पोरं त्यावरून ओळखायची. दर रविवारी आजोबा त्या दुहेरी नळ्यांमधली धूळ चिंधी ओढून साफ करत, जानवं स्वच्छ करावं तसं. आम्हाला दांडीवर बसायची मुभा होती, पण शिकायला मात्र भाड्याची सायकल. नळीतून पाय घालून, तिरके होऊन, गुडघे फोडून.

थॉमस हंबर हा इंग्लंडमधला सायकलवाला. त्याच्या नावाच्या कंपनीनं पुढे मोटारी काढल्या, त्याही साहेबी थाटाच्या. दुसऱ्या महायुद्धात जनरल माँटगोमेरी हंबर मोटारीतून फिरत. पण गंमत अशी की १९३२ मध्येच कंपनीनं सायकलीचा धंदा रॅलेला विकून टाकला होता. त्यानंतर हंबर मोटार आणि हंबर सायकल यांच्यात नावापलीकडे नातं उरलं नाही. स्वातंत्र्यानंतर तर हंबर सायकली बंगालमध्ये आसनसोलला, सेन-रॅलेच्या कारखान्यात बनू लागल्या. म्हणजे आजोबा ज्या 'विलायती' नावाला रविवारी चिंधी मारत, तेही भाच्याच्या सायकलीवरच्या नावासारखं एका घरातून दुसऱ्या घरात गेलेलं होतं. फरक चिमट्यात होता. तो मात्र खरा होता.

बीएसएचंही तसंच. बंदुकीचा कारखाना, म्हणून बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. या कंपनीनं १९१० मध्ये डेमलर विकत घेतली, जिच्या मोटारी इंग्लंडचा राजा वापरत असे. पुढे डेमलर १९६० मध्ये जग्वारकडे गेली. आपल्याकडे १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलस, बीएसए ही नावं तमिळ मातीत रुजली. माझ्या वर्गातल्या बीएसए एसएलआरवाल्या मित्राला हे तेव्हा कळलं असतं, तर त्यानं आम्हाला तिच्या कॅरिअरलाही हात लावू दिला नसता.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. कॉव्हेन्ट्री, बोहेमिया कशाला, आपल्या दारातच बघा ना. सांगली जिल्हा मुळात साताऱ्यातूनच निघालेला. १९४९ मध्ये झाला तेव्हा नाव होतं दक्षिण सातारा, सांगली हे नाव १९६० चं. या जिल्ह्यात पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला किर्लोस्कर म्हटलं की पंप आठवतो, विहिरीवरचं इंजिन आठवतं, लोखंडी नांगर आठवतो. पण या घराण्याचा पहिला धंदा होता सायकलीचा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, बेळगाव भागातले. चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्ही.जे.टी.आय.मध्ये शिक्षक झाले. मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसली आणि हे यंत्र गावाकडे न्यावं असं त्यांच्या मनानं घेतलं. १८८८ साली, म्हणजे डनलॉपनं टायरचं पेटंट घेतलं त्याच वर्षी, बेळगावात सायकलीचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामुअण्णा त्या विकायचे आणि वर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. मला हा शिकवण्याचा भाग फार आवडतो. धोतर खोचलेला एखादा वकील, मागे सीट धरून धावणारे दुकानदार, आणि बघायला जमलेलं अर्धं गाव. सगळंच माझ्या कल्पनेतलं, पण याहून वेगळं कसं असेल? ज्या रस्त्यावर हे दुकान होतं, त्याला बेळगावात आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

व्ही.जे.टी.आय.मध्ये बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. सायकलीच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र आलं, मग नांगर. लोखंडी नांगरानं जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ तसेच पडून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंगानं भरलेला. १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली आणि पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. मिरजेहून पुण्याकडे जाताना मी त्या पाटीसाठी डब्याच्या दारात येऊन उभा राहतो. एकदा मुद्दाम उतरलोही. फलाटाच्या बाहेर स्टँडवर शंभरेक दुचाक्या होत्या, त्यात सायकली मोजून अकरा. त्यातल्या एकीवर पुसट अक्षरं होती. ती वाचायला वाकलो, तर रखवालदारानं हटकलं. "सायकल बघतोय," म्हटलं. तो म्हणाला, "मग गाड्या कोण बघतो?"

साताऱ्यानं सायकलीला सोडलं त्याला कारण गावातच तयार होत होतं. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून प्रिया स्कूटर निघू लागली. आमच्या गल्लीत पहिली प्रिया आली त्या वर्षी हंबर जिन्याखाली गेली.

अस्सल श्रीमंत सायकलींबद्दल दोन ओळी लिहिल्या नाहीत तर संपादक रागावतील. लोटस या मोटार कंपनीच्या काळ्या कार्बन सायकलवर ख्रिस बोर्डमननं १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण घेतलं. अंतिम फेरीत त्यानं प्रतिस्पर्ध्याला मागून गाठलंच. इटलीचे सायकलवाले एर्नेस्तो कोल्नागो सांगत की त्यांचा सरळ चिमटा एन्झो फेरारींच्या सूचनेतून आला. ॲस्टन मार्टिनच्या नावानं २०१२ मध्ये निघालेल्या सायकलीची किंमत २५ हजार पौंड होती. यातली एकही मी पाहिलेली नाही. पाहिली तरी पहिला प्रश्न मिस्त्रींचाच विचारीन, आउट काढता येतो का?

गेल्या पावसाळ्यात भाच्याची सायकल पुन्हा गावभागात नेली. ओतीव चाकं काढून तारेची बसवायची ठरली. नळीवरच्या स्टिकरचं मधलं अक्षर गळून पडलं होतं. मिस्त्रींनी वडिलांच्या वेळची लांबडी वही काढली, तीत ते अजूनही नोंद करतात. मी जुनी पानं चाळली. प्रत्येक ओळीत आधी सायकलीचं नाव, मग नगरपालिकेच्या बिल्ल्याचा नंबर, मग पेठ. हंबर, गावभाग. रॅले, खणभाग. हर्क्युलस, विश्रामबाग. माणसाचं नाव कुठेच नाही, सायकलीवरूनच माणूस कळायचा.

मिस्त्रींनी कानावरचं पेन काढलं, सायकलीकडे एकदा पाहिलं आणि नव्या ओळीत लिहिलं: काळी, घडीची. विश्रामबाग. दोन चाकं.