घरावरची डिश अभ्यासिकेपर्यंत न्यायची कशी?

वस्तीत अभ्यासिका काढायची ठरली की जागा मिळते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरामागची पत्र्याची खोली. आधी तिथे गोठा असतो, नाहीतर लाकूडफाटा. मराठवाड्यातल्या एका वस्तीत आमची अभ्यासिकाही अशाच खोलीत चालते. खोली एका ताईंच्या अंगणापलीकडे, घरापासून मोजून 22 मीटर. ताईंच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची थाळी होती आणि अभ्यासिकेत कुणीतरी दिलेला जुना टीव्ही धूळ खात पडला होता.

फ्री डिशला महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत. पहिली ते बारावी, प्रत्येक इयत्तेसाठी एक अशा पीएम ई-विद्याच्या वाहिन्या तिच्यावर दिसतात, महाविद्यालयीन विषयांसाठी स्वयंप्रभा आहे. घरातला एकुलता एक मोबाइल वडील कामावर घेऊन गेले की ज्या मुलांचा अभ्यास थांबतो, त्यांच्यासाठी हे फार मोठं साधन आहे. ताई घरी बोलवायच्या, पण मुली जायला संकोचायच्या. दुसऱ्याच्या घरात रोज दोन तास बसणं सोपं नसतं. म्हणून आम्ही ठरवलं की टीव्हीची लाइन अभ्यासिकेत आणायची. एक वायरच तर टाकायची, असं वाटलं होतं.

पहिली चूक तिथेच झाली. केबलवाल्याकडे मिळतो तो साधा स्प्लिटर आणला, थाळीच्या वायरचे दोन फाटे केले, अभ्यासिकेत दुसरा सेट-टॉप बॉक्स लावला. पडद्यावर ‘सिग्नल नाही’. कारण नंतर कळलं. केबल टीव्हीचा स्प्लिटर साधारण 1000 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींसाठी बनवलेला असतो, आणि थाळीकडून येणारा सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो. मग डिशसाठीचा, 2400 मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा स्प्लिटर आणला. चित्र आलं. पण रात्री ताईंनी घरातला बॉक्स बटणावरून बंद केला की अभ्यासिकेतला पडदा काळा!

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. थाळीच्या तोंडाशी जो ठोकळा असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, त्याला वीज बॉक्सकडूनच, त्याच वायरमधून मिळते. बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून एलएनबीला उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या, हे कळतं. आमच्या स्प्लिटरचं एकच तोंड वीज वर जाऊ देत होतं, आणि ते होतं घराकडचं. दोन्ही तोंडांतून वीज जाऊ देणारा स्प्लिटर घेतला तरी दोन बॉक्स दोन वेगळे हुकूम देऊ शकतात. उपाय सोपा आहे: दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी. एक वायर घराला, एक अभ्यासिकेला, दोन्हीकडे आपापला बॉक्स. कुणाचं कुणावाचून अडत नाही.

वायर आरजी-6 घ्यावी, मधली तार शक्यतो निखळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार स्वस्त पडते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज जास्त पडतं. शंभर मीटरला सिग्नल 20 डेसिबलहून अधिक घटतो, म्हणून 20-25 मीटरला काळजी नाही. मध्ये जोड देऊ नका. बाहेरच्या जोडात पाणी शिरलं की पावसाळ्यात चित्राचे चौकोन व्हायला लागतात.

आता खरी काळजीची गोष्ट. जोडणी करताना आमच्यातल्या एका मुलाला वायरच्या धातूच्या टोकाचा झटका बसला. सौम्य होता, पण नशिबाने. घर आणि अभ्यासिका दोन वेगळ्या मीटरवर होती आणि अभ्यासिकेला अर्थिंगच नव्हतं. केबलवरची धातूची जाळी दोन्ही इमारतींना जोडते. एकीकडे वायरिंगमध्ये दोष असेल तर तो करंट जाळीतून दुसरीकडे पोचतो. आम्ही काम थांबवलं, परवानाधारक वायरमनला बोलावलं. आता अभ्यासिकेची वीज ताईंच्याच बोर्डावरून येते. अर्थिंग एकच आहे, थाळी आणि केबलची जाळी त्याला जोडली आहे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. केबल जमिनीतून पीव्हीसी पाइपात नेली. विजेच्या खांबावरून किंवा तारांजवळून ती कधीही नेऊ नका, कुणी कितीही ‘काही होत नाही’ म्हणालं तरी. ढग गडगडायला लागण्याआधीच दोन्ही बॉक्सच्या पिना काढायच्या, हे आमच्याकडे ठरलेलं आहे.

अंतर चाळीसेक मीटरच्या पुढे असेल तर आमचं स्पष्ट मत: वायर ओढूच नका, अभ्यासिकेवर वेगळी थाळी बसवा. फ्री डिशला 60 सेंटिमीटरची पुरते, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगचा प्रश्नच मिटतो. जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंशांवर येतो. थाळी मात्र त्याहून उभी दिसते, तिची घडणच तशी असते. त्या बाजूला कडुलिंब किंवा पाण्याची टाकी आड येत नाही ना, तेवढं पाहा.

ताईंच्या घरी पैसे भरायचं खासगी डीटीएच असतं, तर आम्ही हे केलं नसतं. घरगुती वर्गणीवर सार्वजनिक अभ्यासिका चालवणं त्या कराराबाहेर जातं, आणि भुर्दंड ताईंना पडला असता.

विजेच्या बिलासाठी सब-मीटर लावला आहे, दर महिन्याचा आकडा वहीत उतरवून आम्ही ताईंना पैसे देतो. रिमोटवरून पहिल्याच आठवड्यात क्रिकेटवाल्यांशी भांडण झालं. तेव्हापासून तो दहावीच्या मुलींकडे असतो.