जठर ओलांडण्याचा परवाना

प्रोबायोटिक जिवाणू नुसते पोटात जाऊन भागत नाही, ते जिवंत असावे लागतात. तेही मूठभर नव्हे: भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. बायफिडोबॅक्टेरियमला मात्र डब्यातला ऑक्सिजनच सोसत नाही. त्यातून निभावले, तर उपाशी जठरात पीएच २ च्या आसपास आणि पुढे पित्त.

म्हणून त्यांना चिलखत चढवायचं. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारं सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवतात, त्यात जिवाणू कालवतात आणि ते मिश्रण बारीक सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसंच, फक्त खाली तापलेलं तेल नसतं. कॅल्शियमचे आयन अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना जखडतात आणि थेंबाचा मऊ, चिवट मणी होतो. उष्णता लागत नाही, हा मोठाच फायदा. स्पेनमधल्या ‘एल बुली’ उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी खरबुजाच्या रसाचं ‘कॅव्हिआर’ केलं, ते याच रसायनावर.

जठराच्या आम्लात हा मणी आक्रसतो. आतड्यात आम्लता ओसरली, की तिथले सोडियम आणि फॉस्फेट आयन त्यातलं कॅल्शियम काढून घेतात. मणी फुगतो, विरतो आणि जिवाणू मोकळे होतात. रखवालदाराला दार कुठे उघडायचं हे न सांगता कळावं, असा हा प्रकार.

मणी सच्छिद्र असतो, आम्ल थोडंफार झिरपतंच. त्यावर कायटोसानचा थर देतात. पण ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून येतं, म्हणजे शाकाहारी गिऱ्हाईक गेलं! तिथे दुधातल्या निवळीची प्रथिनं कामी येतात.

खरी रस्सीखेच आकाराची. सुईतून पडलेला मिलिमीटरभर मणी जिवाणूंना चांगलं जपतो, पण दह्यात जिभेला कचकचतो. शंभर मायक्रोमीटरच्या खालचे कण जिभेला सहसा कळत नाहीत, मात्र त्यांचं कवच तोकडं पडतं. कारखान्यांना स्वस्त पडतं ते फवारून वाळवणं. त्यात आत शिरणारी हवा दीडशे अंश सेल्सिअसच्याही वर असते आणि बरेच जिवाणू तिथेच दगावतात.

बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्सला ही यातायात फारशी करावी लागत नाही. तो बीजाणूच्या रूपात स्वतःचंच कवच घेऊन येतो आणि भट्टीची आचही बऱ्यापैकी सोसतो. भाजलेल्या पदार्थांत उत्पादक त्याला हाताशी धरतात, ते उगाच नाही.