पॉलिट ब्युरोतला पहिला दलित

एप्रिल २०२२ मध्ये कण्णूरच्या अधिवेशनात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्युरोवर डॉ. रामचंद्र डोम निवडले गेले. १९६४ साली स्थापन झालेल्या या पक्षाच्या सर्वोच्च मंडळातले ते पहिले दलित. मधे ५८ वर्षे गेली. त्यांतली ३४ वर्षे, १९७७ ते २०११, हा पक्ष पश्चिम बंगालमध्ये सलग सत्तेवर होता. एवढा उशीर का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नुसता संताप न करता समजून घ्यावे, असे मला वाटते.

पॉलिट ब्युरो बनतो कसा? अधिवेशन केंद्रीय समिती निवडते आणि ती समिती आपल्यातून पॉलिट ब्युरो निवडते. पण केंद्रीय समितीसाठी नावांची यादी मावळती समितीच मांडते आणि बहुधा तीच मंजूर होते. म्हणजे वर बसलेलेच आपले वारस ठरवतात. सिद्धांतचर्चेतला सराव, इंग्रजी दस्तऐवजांवरची पकड, पूर्णवेळ काम करण्याइतका घरचा आधार, या मापाने माणूस पारखला गेला, तर पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर ठेवलेला माणूस मागेच राहणार. त्यासाठी कुणी मुद्दाम दुष्टावा करावा लागत नाही.

पहिल्या ९ जणांत नंबुद्रिपाद होते, ज्योती बसू होते, आपले बी. टी. रणदिवे होते. त्यांचा त्याग मी नाकारत नाही. १९७८ च्या ऑपरेशन बर्गाने बटाईदारांची नोंद झाली, त्यात दलित-आदिवासीही होते, हेही खरे. म्हणून तर प्रश्न अधिक टोचतो.

डॉ. डोम १९८९ साली बीरभूममधून लोकसभेवर गेले. ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. पक्षाच्या सर्वोच्च मंडळात पोचायला त्यांना आणखी ३३ वर्षे लागली. संसदेचे दार राज्यघटनेने उघडायला लावले होते. पक्षाच्या दारावर तसला कुठलाच धाक नव्हता. पहिली स्त्री, वृंदा करात, तिथे पोचली तीही २००५ साली.

माझे मार्क्सवादी मित्र म्हणतात, आम्ही जात मोजत नाही, वर्ग पाहतो. पण जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. कामगारवर्ग तिथेच दुभंगलेला होता. जात मोजायचीच नाही असे ठरवले, की मंडळात कोण नाही हेही दिसेनासे होते.

आणि हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारून चालणार नाही. आपल्या संघटनांच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती? मातंग, चर्मकार, वाल्मीकी किती? आपल्याकडे यादी कोण करतो? पुढच्या बैठकीत आधी हे विचारू या.