आक्षेप घ्या, पण पानासकट

पूर्वपरीक्षेची उत्तरतालिका लागली की इंदूरच्या भंवरकुआं चौकात चहाच्या टपरीपासून अभ्यासिकेपर्यंत दुसरा विषय नसतो. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय याच शहरात, आणि परीक्षार्थींची सगळ्यात मोठी वस्ती याच चौकाभोवती. त्यात बऱ्हाणपूर, छिंदवाड्याकडची मराठी घरांतली मुलंही असतात. आक्षेपाची मुदत मोजक्या दिवसांची, प्रत्येक प्रश्नामागे शुल्क वेगळं. तरीही कित्येक आक्षेप रागाच्या भरात, एकमेकांचे बघून लिहिले जातात.

आक्षेपाचं ओझं कुणावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगून ठेवलं आहे. ‘कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता’ हा खटला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा होता. निकालाचं सार असं: तालिकेतलं उत्तर चूक असल्याचं स्पष्ट दिसेपर्यंत ते बरोबर धरायचं; लांबलचक तर्काची साखळी लावून ते चूक ठरवता येणार नाही. विद्यार्थ्यांनी मान्य पाठ्यपुस्तकांचे दाखले पुढे ठेवले होते आणि ते जिंकले. विद्यापीठाने निकालाबरोबर तालिकाही प्रसिद्ध केली होती; ती गुप्त ठेवणं योग्य ठरलं नसतं, असं न्यायालयाने त्यातच म्हटलं. मला वाटतं, क्लासच्या पहिल्याच आठवड्यात हा निकाल शिकवायला हवा.

एक कल्पित प्रश्न घेऊ. ‘मध्य प्रदेशात उगम पावून अरबी समुद्राला मिळणारी नदी कोणती?’ पर्यायांत नर्मदा आणि ताप्ती दोन्ही. तालिका म्हणते नर्मदा. यावर ‘उत्तर साफ चुकीचं आहे, सगळ्या पुस्तकांत वेगळं दिलंय, आमच्या भवितव्याशी खेळू नका’ असं लिहिलं, तर तज्ज्ञाच्या हाती काय लागतं? कोणतं पुस्तक, ते कळत नाही. मुळात नर्मदा हे उत्तर चूक नाहीच. गफलत आहे ती दुसरं बरोबर उत्तर सुटल्याची. म्हणून लिहायचं ते असं: प्रश्नाचा क्रमांक आणि संच (तालिकेतला क्रमांक आपल्या संचाहून वेगळा असू शकतो, तो ताडून पाहावा). पर्याय ‘क’ ताप्तीही बरोबर. तिचा उगम बैतूल जिल्ह्यात. आधार एनसीईआरटीचं नववीचं ‘समकालीन भारत-1’, नद्यांचं प्रकरण; पानाची प्रत सोबत. मागणी: दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत किंवा प्रश्न रद्द करावा. चार ओळींत काम झालं. क्लासच्या नोट्स, यूट्यूबवरचे गुरुजी आणि विकिपीडिया यांना पुराव्याच्या रांगेत उभं करू नये. तिथून सुगावा घ्यावा आणि मूळ पुस्तक गाठावं.

मुख्य परीक्षेची गोष्ट वेगळी, तिथे तालिका नसते. डिसेंबर 2024 मध्ये विद्यार्थी आयोगाच्या दारात थंडीत धरणं धरून बसले, त्यांच्या मागण्यांत तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवा ही एक होती. असे कागद मागण्याचा रस्ता माहिती अधिकाराचा. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ मानली. 2018 मध्ये मात्र केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेबाबत हात आखडता घेतला. म्हणजे मिळेलच याची खात्री नाही, पण अर्ज तरी धड हवा. ‘मला कमी गुण का दिले?’ हा माहितीचा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. ‘अमुक आसनक्रमांकाच्या अमुक पेपरची तपासलेली प्रत आणि प्रश्ननिहाय गुण’ ही झाली माहिती. ती कशाला हवी, हे सांगण्याची गरज 2005 च्या कायद्याने ठेवलेली नाही. तेव्हा स्वतःची कर्मकहाणी तिथे लिहू नये.

महाराष्ट्राने 2012 मध्ये माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा, असा नियम केला. तेव्हा त्यावर टीका झाली, आणि सक्ती म्हणून तो मलाही जाचक वाटतो. पण भंवरकुआंच्या मुलांनी तो आपणहून पाळावा. 150 शब्दांत मावत नसेल, तर दोन अर्ज करावेत.