नोंद ठेवणारी माणसे

वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा भिंतीसारख्या उभ्या आहेत. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा सोडून धारणीच्या वाटेला लागले, की कपाशीची व तुरीची शेते मागे पडतात आणि सागवानाचे वन सुरू होते. हाच मेळघाट. 1973 साली वाघांच्या रक्षणासाठी देशातील जी 9 वने प्रथम निवडण्यात आली, त्यांत मेळघाटाचा समावेश होता. या वाटेवर सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव असून तेथे वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे.

बालमित्रांनो, अशा केंद्रातील चित्रे, ठसे आणि पाट्या पाहताना एक प्रश्न आपल्या मनात यावयास हवा. हे सारे प्रथम कोणी पाहिले, आणि ते कोणी लिहून ठेवले?

या वनाचे पहिले जाणते म्हणजे तेथील कोरकू लोक. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. वाघाला ते ‘कुला’ म्हणतात. कोणत्या झाडाला केव्हा मोहर येतो, उन्हाळ्यात पाणी कोठे टिकते, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपले. मृत आप्तांच्या स्मरणार्थ ते लाकडी खांब कोरून उभारतात व त्यावर सूर्य-चंद्राची आकृती काढतात. त्याला ‘मुंडा’ असे नाव आहे. ही त्यांची नोंदवहीच होय.

दुसरे जाणते म्हणजे वनरक्षक. ऊन असो वा पाऊस, त्यांना रोज पायी फिरावे लागते. पूर्वी ते वाघाच्या पाऊलखुणेवर काच धरून तिची आकृती उतरवून घेत. आता झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे हे काम करतात. परंतु कॅमेरा कोठे बांधावा, हे वाटा ओळखणाऱ्या माणसालाच समजते.

याच वनखात्यात मारुती चितमपल्ली यांनी आपले आयुष्य वेचले. 1932 साली सोलापूर येथे जन्मलेल्या या अधिकाऱ्याने मेळघाटातही सेवा केली. आपण अधिकारी आहोत, हा अभिमान बाजूला ठेवून ते वनवासी लोकांजवळ बसले, त्यांच्याकडून पक्ष्यांची व वृक्षांची नावे शिकले आणि ती त्यांनी मराठीत आणली. त्यांचा ‘पक्षिकोश’ अशा परिश्रमांचे फळ आहे. 2025 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी टिपलेले शब्द मात्र आपल्यापाशी राहिले आहेत.

नोंद करणाऱ्याने सत्य का सांभाळावे, हे रानपिंगळा नावाच्या घुबडाच्या कथेवरून चांगले समजते. 1884 नंतर हा लहानसा पक्षी कोणाही अभ्यासकास दिसला नव्हता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलाने आपण 1914 साली गुजरातमध्ये एक रानपिंगळा मिळविल्याचा दावा केला. वस्तुतः तो जुना नमुना त्याने लंडनच्या संग्रहालयातून चोरला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. त्या एका चिठ्ठीमुळे पक्षी कोठे शोधावा, याविषयी अभ्यासकांची दिशाभूल झाली. पामेला रासमुसेन या विदुषीने जुने नमुने बारकाईने तपासून ही लबाडी उघडकीस आणली. मग खऱ्या नोंदींच्या आधारे त्या व त्यांचे दोन सहकारी शोधास निघाले. नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. तब्बल 113 वर्षांनी! त्यानंतरच्या शोधात तो मेळघाटातही आढळला. आज हे वन त्याचे एक प्रमुख आश्रयस्थान आहे. खोट्या चिठ्ठीने जो दडविला, तो खऱ्या नोंदीने परत दिला.

जी गोष्ट पक्ष्यांची, तीच इतिहासाची. याच डोंगररांगेत, अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, नरनाळा किल्ला आहे. 1997 पासून तेथे अभयारण्य आहे. त्यामुळे एकाच चढणीवर विद्यार्थ्यास वनाचा व इतिहासाचा असे दोन्ही धडे मिळतात. किल्ल्याचा महाकाली दरवाजा कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. तो 1487 साली बांधला गेला, हे त्यावरील शिलालेख सांगतो. त्या दगडावर कोणी आपले नाव खरडले, तर अक्षरे झिजतील आणि एक साक्षीदार मुका होईल.

वऱ्हाडच्या भूमीला नोंदीचे हे व्रत नवे नाही. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांना गाठून त्यांनी आठवणी मिळविल्या. पाहणाऱ्याला विचारावे, ऐकलेले पडताळावे आणि मगच लिहावे, हीच त्यांची रीत होती. मराठीतील पहिला चरित्रग्रंथ अशा रीतीने जन्मास आला.

म्हणून निसर्ग व वारसा शिकविणारे केंद्र केवळ विटामातीने उभे राहत नाही. कोरकू आजोबा, वनरक्षक, लेखक, संशोधक आणि शिलालेख कोरणारा अनाम कारागीर या सर्वांच्या प्रामाणिकपणावर ते उभे असते.

मुलांनो, तुमच्या गावीही एखादी जुनी विहीर, एखादे पिंपळाचे झाड, एखादे सर्व जाणणारे आजोबा असतील. एक वही घ्या. काय पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि कोणी सांगितले, एवढे तीत लिहा. जे पाहिले नाही, ते पाहिले असे लिहू नका. शंभर वर्षांनी कोणी तुमची वही उघडली, तर तिच्यावर त्याला विश्वास ठेवता आला पाहिजे.